मुलीला सेमिस्टरच्या मध्येच ऑर्गॅनिक केमिस्ट्री सोडायचीय, फी आणि एडचं (शिक्षणासाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीचं) काय होईल?

सईची_आई

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, चुकभूल माफ करा. आम्ही दोघंही भारतात शिकलो, तिथे वर्षाची फी भरली की विषय संपला, मध्येच एखादा विषय सोडून देता येतो हेच मला इथे अमेरिकेत आल्यावर कळलं.

मुलगी इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे, प्री-मेडचं डोक्यात आहे. या फॉल सेमिस्टरला १५ क्रेडिट्स घेतलेत. त्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्री ३ क्रेडिट आणि तिची लॅब २ क्रेडिट. लॅब मस्त चाललीय पण लेक्चरवाल्या कोर्सच्या पहिल्या टेस्टला ४१ आणि दुसरीला ३८, आणि बाकी तीन विषय चांगले चाललेत तेही आता या एकापायी घसरतील अशी भीती आहे. रात्री दोन दोनपर्यंत जागते, रडते, मग मलाच म्हणते तू टेन्शन घेऊ नकोस. आता सातवा आठवडा चालू आहे आणि विथड्रॉ करायची शेवटची तारीख पुढचा शुक्रवार आहे असं तिच्या पोर्टलवर दिसतं.

ह्यांचा जॉब दोन वर्षांपूर्वी गेला होता, सहा-सात महिने घरीच होते, त्या वर्षीचं इन्कम धरल्यामुळे यंदा फाफ्सात (सरकारी एडच्या अर्जात) तिला पेल ग्रँट (लोनसारखी फेडावी न लागणारी सरकारी मदत) मिळाली, सेमिस्टरला २,६०० डॉलर. शिवाय सबसिडाइज्ड लोन सेमिस्टरला २,२५० आणि युनिव्हर्सिटीची मेरिट स्कॉलरशिप १,५०० सेमिस्टरला. आम्ही ग्रीन कार्डवर आहोत.

तर प्रश्न असे की तिने हा कोर्स सोडला तर तेवढी फी परत मिळते का, आणि ग्रँटचे पैसे परत द्या म्हणून मागे लागतील का? लोन लगेच फेडायला लागतं असं एका मैत्रिणीने घाबरवलंय. मी स्वतः ऑफिसला फोन केला होता तर तिकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की तुमच्या मुलीबद्दल आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. फी आम्ही भरायची आणि बोलायचं नाही, कमाल आहे.

मिसळ_इन_डॅलस

ताई फोनचं मनावर घेऊ नका, तो फर्पा नावाचा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, आईबापाचा नाही. पोरीला सांगा पोर्टलवर जाऊन तुमच्या नावाने संमती भरायला, पाच मिनिटांचं काम आहे, मग बोलतात. नाहीतर ती शेजारी बसून स्पीकरवर फोन लावला तरी चालतं, आम्ही तसंच करतो.

फी बद्दल एक सांगतो, सातव्या आठवड्यात रिफंडची आशा सोडा. आमच्या मुलाच्या कॉलेजात पहिला आठवडा पूर्ण परत, मग टक्के खाली खाली, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर भोपळा. आणि तुम्ही टेक्सासात असाल तर अजून एक भानगड, इथे सरकारी कॉलेजांत अख्ख्या बॅचलर्समध्ये सहाच कोर्स सोडता येतात, २००७ च्या फॉलपासूनचा कायदा आहे. सेन्सस डेटच्या (कॉलेज कोण किती क्रेडिट्सला आहे हे पक्कं करतं ती तारीख) आत सोडला तर मोजत नाहीत, मोठ्या सेमिस्टरला ती बाराव्या क्लास डेला असते. आमच्या चिरंजीवांचे तीन सेकंड इयरलाच खर्ची पडलेत.

एडऑफिसवाली_स्नेहल

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात नऊ वर्षं काम करतेय, त्यामुळे थोडं लांब लिहीन, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रॉप आणि विथड्रॉ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मुलं बोलताना दोन्हीला ड्रॉपच म्हणतात, तिथून निम्मे घोटाळे सुरू होतात. सुरुवातीच्या ॲड-ड्रॉपच्या दिवसांत सोडला तर तो ड्रॉप, ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या मार्कांच्या नोंदीवर) नावसुद्धा राहत नाही, पैसेही बहुतेक ठिकाणी पूर्ण परत. त्यानंतर सोडला तो विथड्रॉ, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येतो. जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) डब्ल्यूने काही होत नाही पण कोर्स "घेतला होता" ही नोंद राहते, ती पुढे एका ठिकाणी मोजली जाते, त्यावर येतेच.

आणि ताई, तुम्ही जी पुढच्या शुक्रवारची तारीख म्हणताय ना, तिचा पैशांशी संबंधच नाही. ती फक्त एफऐवजी (नापासऐवजी) डब्ल्यू मिळण्याची शेवटची तारीख आहे. रिफंडची तारीख वेगळी आणि ती तुमच्याकडे केव्हाच होऊन गेली असणार, पेल मोजायची तारीख अजून वेगळी आणि तीही गेली असणार. या तिन्ही तारखा वेगवेगळ्या वेबपेजवर असतात आणि मुलं शेवटची तारीख बघून निवांत बसतात, दर सेमिस्टरला माझ्या टेबलासमोर या कारणाने रडणारं कोणीतरी असतंच.

आता पेल. २०२४-२५ पासून नियम असा आहे की १२ क्रेडिट म्हणजे शंभर टक्के, त्याच्या खाली जितकी क्रेडिट्स त्या हिशोबात टक्के, म्हणजे ९ ला ७५, ११ ला ९२. पण हे टक्के कॉलेजने ठरवलेल्या एका तारखेला पक्के होतात. त्या दिवशी तुमची मुलगी १५ वर होती म्हणजे तिची पेल पूर्ण. नंतर तिने एखादा कोर्स विथड्रॉ केला आणि बाकीचे चालू ठेवले तर पेल कमी करत नाहीत. अट एवढीच की त्या कोर्सला ती खरंच जायला लागली होती. एकदाही क्लासला गेली नसती तर तो कोर्स वजा करून पेल परत मोजावीच लागते. ती तर दोन टेस्ट देऊन बसलीय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

लोनचं तुमच्या मैत्रिणीने अर्धंच सांगितलंय. हाफ टाइमच्या खाली, म्हणजे साधारण ६ क्रेडिट्सच्या खाली गेलं तर सहा महिन्यांचा ग्रेस पिरियड सुरू होतो, तो संपला की हप्ते. तुमची मुलगी एक कोर्स सोडून त्याच्या जवळपाससुद्धा जात नाही. मात्र १ जुलै २०२६ पासून फुल टाइम नसेल तर वर्षाची लोनची मर्यादाच त्या प्रमाणात कमी होते, तेव्हा त्या तारखेपासून क्रेडिट्स खाली घेताना हेही बघावं लागतं.

खरी भीती मला तिसरीच वाटतेय. लॅब. ऑर्गॅनिकचं लेक्चर आणि लॅब बऱ्याच ठिकाणी एकमेकांना बांधलेली असतात, को-रिक्विझिट म्हणतात. लेक्चरवर विथड्रॉचं बटण दाबलं की सिस्टीम लॅबही ओढून नेते. मग १५ वजा ३ नाही, १५ वजा ५, म्हणजे १०. आणि १० म्हणजे फुल टाइम नाही. पेल वाचेल, लोन वाचेल, पण युनिव्हर्सिटीची मेरिट स्कॉलरशिप अडकू शकते, कारण ती फेडरल नियमांवर चालत नाही, त्यांच्या स्वतःच्या पत्रावर चालते. ते पत्र शोधा आणि त्यात क्रियापद कोणतं आहे ते बघा. १२ क्रेडिट्सना "एनरोल" असायला पाहिजे असं लिहिलंय की १२ क्रेडिट्स "कम्प्लीट" करायला पाहिजेत असं. पहिलं असेल तर सेन्ससला होती म्हणजे झालं, दुसरं असेल तर १० वर गोची. काही पत्रांत वर्षाचा हिशोब असतो, वर्षाला २४ पूर्ण करा वगैरे, मग स्प्रिंगला १४ घेऊन भरून काढता येतं.

सईची_आई

बाप रे. लॅबचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पोर्टलवर लॅब वेगळ्या ओळीत दिसते म्हणून आम्ही वेगळाच कोर्स समजत होतो. पत्र शोधते. स्नेहलताई खूप खूप धन्यवाद, चहा खरंच घेऊन बसले होते.

कट्ट्यावरचा_अण्णा

आमच्या वेळेला इंजिनियरिंगला एटीकेटी लागायची, विषय सोडतो कोण, विषयच आम्हाला सोडत नव्हते. चार सेमिस्टर एकच मॅथ्स घेऊन फिरलोय. पोरीला म्हणावं ४१ आणि ३८ म्हणजे वाईट नाही हो, खरंच.

निनाद_७८

अण्णा तुमचं ठीक आहे, पण इथे ओढत बसण्याचा आणि सोडण्याचा दोन्हीचा भाव वेगळा आहे आणि मी दोन्ही भरलेत म्हणून लिहितो.

मी एक नाही, सगळेच कोर्स सोडले होते. सेमिस्टर सुरू होऊन पाचवा आठवडा, भारतात बाबांची तब्येत एकदम बिघडली, मी ऑफिसला जाऊन फॉर्म भरला, सगळं रीतसर, आणि विमानात बसलो. माझा समज असा की आता मी नाहीच आहे तर कॉलेज थोडेफार पैसे परत देईल. महिन्याभराने ईमेल आलं, उलटं मीच कॉलेजचे पैसे देणं लागतो. फी भरली होती ना एडमधून, मग? तर म्हणे एड सरकारला परत गेली. मला दोन वेळा वाचूनही कळलं नव्हतं की माझी भरलेली फी न भरलेली कशी झाली. पैसे नव्हतेच, मग अकाउंटवर होल्ड, नवीन रजिस्ट्रेशन बंद. सरळ तीन सेमिस्टर वाया गेली. बाबा बरे झाले, ते सोडा.

त्यात अजून एक, मी परत आलो तोवर सहा महिन्यांच्या वर होऊन गेले होते म्हणजे ग्रेस पिरियड संपला. परत हाफ टाइम झालो की हप्ते थांबतात ते खरं, पण त्या लोनचा ग्रेस एकदा पूर्ण वापरला की दुसऱ्यांदा मिळत नाही, डिग्री झाल्यावर त्या लोनचे हप्ते लगेच चालू झाले. सहा महिन्यांच्या आत परत नाव घातलं असतं तर पूर्ण ग्रेस पुन्हा मिळाला असता. हे मला जाताना कोणी एका वाक्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एडऑफिसवाली_स्नेहल

निनाद, वाईट वाटलं वाचून. तुमच्याबाबतीत काय झालं ते उलगडून सांगते कारण बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. सईच्या आई, हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही घाबरू नका, एक कोर्स सोडणं आणि सगळे सोडणं यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

सगळे कोर्स सोडले की फेडरल हिशोब लागतो. सेमिस्टरचे एकूण दिवस किती, त्यातले किती दिवस झाले, तितके टक्के एड तुम्ही "कमावली". पाच किंवा जास्त दिवसांची सलग सुट्टी असेल तर ती धरत नाहीत. ६० टक्क्यांच्या पुढे गेलात की सगळी तुमची, पूर्ण १०० टक्के. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरला ती वेळ साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यात येते, पण आठवडे मोजू नका, तारीख ऑफिसकडून लेखी घ्या, कारण एक दिवसाने चुकलेली माणसं मी पाहिलीत.

आकडे घेऊन सांगते. समजा ३,५०० पेल आणि २,५०० लोन, म्हणजे ६,००० ची एड, आणि कॉलेजची फी ५,०००. उरलेले १,००० विद्यार्थ्याच्या खात्यात गेले, पुस्तकं घेतली. सेमिस्टरचे ३० टक्के दिवस झाले आणि सगळं सोडलं. कमावली १,८००, न कमावलेली ४,२००. आता कॉलेजने परत करायचं ते फी च्या ७० टक्के, म्हणजे ३,५००. त्यातून आधी लोन फेडतात, २,५०० गेले, मग पेलमधले १,०००. उरले ७००, ते विद्यार्थ्याच्या वाट्याचे, पण ग्रँटमध्ये एक सवलत आहे, मिळालेल्या ग्रँटच्या निम्म्याच्या वर जेवढं जाईल तेवढंच परत मागतात. निम्मे म्हणजे १,७५०, आणि ७०० त्याच्या आत, म्हणून सरकारला द्यायचे शून्य.

मग निनादला बिल कसलं? कॉलेजचं. कॉलेजने खिशातून ३,५०० सरकारला दिले, त्यासाठी त्यांना ४५ दिवसांची मुदत असते, आणि त्यांची रिफंडची तारीख तर उलटून गेलेली, म्हणजे फी पूर्ण ५,००० लागूच आहे. त्यामुळे तुमच्या खात्यावर आता १,५०० च भरलेले दिसतात आणि ३,५०० बाकी. सरकार मागे लागत नाही, कॉलेज लागतं. लोक सरकारला शिव्या देत बसतात आणि ज्यांच्याशी बोलून हप्ते बांधून घेता येतील त्या बर्सर ऑफिसला (कॉलेजच्या फी खात्याला) फोनच करत नाहीत. घरातलं गंभीर आजारपण असेल तर बऱ्याच कॉलेजांत फी माफीचा अर्ज असतो, कागदपत्रं लावून. फेडरल हिशोब त्याने बदलत नाही पण कॉलेजची फी बदलू शकते, आणि बिल तर तिकडूनच आलेलं असतं.

आणि न सांगता गायब होणारे वेगळेच. सगळीकडे एफ आला की आम्हाला विचारावं लागतं, हा नापास झाला की आलाच नाही. शेवटचं कधी आला ते कळलं नाही तर सेमिस्टरचा मध्य धरतात आणि ५० टक्के एड परत मागे. शिवाय एफ राहतातच. म्हणजे दोन्हीकडून मार.

निनाद_७८

इतक्या वर्षांनी आज कळलं. ३,५०० नव्हते पण आकडा त्याच घरातला होता. फी माफीचा अर्ज असतो हे मला तेव्हा समोर बसलेल्या माणसाने सांगितलं नाही. जाऊ दे.

प्रथमेश_एमएस

मध्येच घुसतोय, सॉरी. मी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, मास्टर्स, ९ क्रेडिट्स. एक कोर्स खूप जड जातोय, डब्ल्यू घेऊ का? एड वगैरे मला काही नाहीये, सगळं भारतातलं एज्युकेशन लोन आहे.

मिसळ_इन_डॅलस

भावा थांब!! काही क्लिक करू नकोस. तुझा प्रश्न पैशांचा नाही, व्हिसा स्टेटसचा आहे. आधी डीएसओ (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी). त्यांनी सेव्हिसमध्ये (सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीत) परवानगी घातल्याशिवाय फुल टाइमच्या खाली गेलास तर स्टेटस जातं, नंतर सॉरी म्हणून चालत नाही. अभ्यास झेपत नाही म्हणून मिळणारी सूट एका डिग्री लेव्हलला एकदाच आणि तीसुद्धा ठराविक कारणांनाच, जसं की सुरुवातीला इंग्रजीची अडचण, इथली शिकवायची पद्धत नवीन असणं, चुकीच्या लेव्हलच्या कोर्सात टाकलं जाणं. तरीही निम्मा लोड ठेवावाच लागतो. आजारपणाचं वेगळं, त्याला डॉक्टरचं पत्र लागतं. शेवटचं सेमिस्टर असेल तर तेही वेगळं. तू कोणत्या सेमिस्टरला आहेस?

प्रथमेश_एमएस

दुसऱ्या. ओके उद्या सकाळी डीएसओ कडे जातो. बदली म्हणून एखादा ऑनलाइन कोर्स घेतला तर?

मिसळ_इन_डॅलस

फुल टाइमच्या हिशोबात सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स किंवा ३ क्रेडिटच धरतात. आधीच एखादा ऑनलाइन असेल तर दुसरा धरणार नाहीत. तेही डीएसओलाच विचार, इथे माझ्यासारख्यांवर विसंबून राहू नकोस.

कोकणी_बाबा_ओहायो

सईच्या आई, फ्लॅट रेटचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये १२ ते १८ क्रेडिटला एकच फी असते, कुठे १२ ते १७. थाळी सिस्टीम, भाकरी एक खाल्ली काय नि चार खाल्ल्या काय, पैसे तेवढेच. तुमच्याकडे तसं असेल तर अगदी पहिल्या दिवशी १५ वरून १२ वर आली असती तरी एक पैसा कमी झाला नसता. क्रेडिटमागे फी असेल तिथेच लवकर सोडल्याचा फायदा. आमच्या मोठीने पहिल्या आठवड्यात कोर्स सोडला आणि मी रिफंडची वाट बघत बसलो होतो, हसली माझ्यावर.

दुसरं, ज्यांचे ५२९ मधून (शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून) पैसे भरलेत आणि रिफंड मिळालाच तर तो ६० दिवसांच्या आत परत ५२९ मध्ये टाका, नाहीतर त्यातल्या वाढीवर टॅक्स आणि वर १० टक्के दंड लागू शकतो. आणि टॅक्समध्ये अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट घेत असाल, वर्षाला २,५०० पर्यंत, तर मुलगी त्या वर्षी निदान एका टर्मला हाफ टाइम असायला हवी. तुम्हाला दोन्ही लागू होत नसेल तर सोडून द्या.

फ्लोरिडावाले कोणी वाचत असतील तर ब्राइट फ्युचर्स (तिथली राज्याची स्कॉलरशिप) घेणाऱ्यांनी विथड्रॉ केलेल्या कोर्सचे पैसे परत भरावे लागतात. माझ्या भाच्याने भरलेत.

सईची_आई

पत्र सापडलं. त्यात लिहिलंय की दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स पूर्ण करणं आणि जीपीए ३.० ठेवणं. म्हणजे "कम्प्लीट"च आहे. आणि लॅबचं विचारलं, पोर्टल सांगतं लेक्चर विथड्रॉ केलं तर लॅब आपोआप जाईल. आता काय? १० झाले तर वर्षाचे ३,००० मधले १,५०० तरी जाणारच ना? आणि लेक्चर तसंच ठेवलं आणि डी नाहीतर एफ आला तर जीपीए ३.० च्या खाली. इकडे आड तिकडे विहीर. मुलीची लॅबची टीचर म्हणते तुझं काम वर्गात पहिल्या तिघांत आहे, आणि तीच लॅब सोडायची.

एडऑफिसवाली_स्नेहल

ताई दोन वाटा आहेत, दोन्ही उद्याच्या उद्या बघा.

एक, लॅब इन्स्ट्रक्टर आणि केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरला ईमेल. सेमिस्टर निम्मं होत आलं की काही डिपार्टमेंट्स लेक्चर सोडूनही लॅब पूर्ण करू देतात, को-रिक्विझिटचं कुलूप ते हाताने काढतात, रजिस्ट्रार आपणहून काढत नाही. लॅबमध्ये मुलगी एवढी चांगली करतेय हे त्या ईमेलमध्ये नक्की लिहायला सांगा, आणि ईमेल मुलीनेच लिहायचं, तुम्ही नाही. म्हणजे १५ वजा ३ बरोबर १२. पार.

दोन, ते नाही म्हणाले तर सेकंड हाफचे कोर्स बघा. बऱ्याच ठिकाणी आठव्या-नवव्या आठवड्यात सुरू होणारे छोटे कोर्स असतात, दोन-तीन क्रेडिटचे. १० अधिक २ बरोबर १२. पण त्याची फी वेगळी लागेल का आणि स्कॉलरशिपवाले तो धरतील का हे आधी ईमेलवर विचारून घ्या, उत्तर लेखी हवं. फोनवर कोणी हो म्हणालं ते सेमिस्टरच्या शेवटी कोणाला आठवत नाही.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी कुलूप काढून घ्या किंवा नवीन कोर्स घाला, मगच विथड्रॉचं बटण. उलटं केलं तर मधल्या दोन दिवसांत सिस्टीम तिला पार्ट टाइम दाखवते आणि हाउसिंगपासून कोणाकोणाची ईमेल्स सुटतात ते विचारू नका.

आता ते राहिलेलं, डब्ल्यू कुठे मोजतात. फेडरल एड टिकवायला सॅप नावाचा नियम असतो, शैक्षणिक प्रगती म्हणा. साधारणपणे जीपीए २.०, आणि घेतलेल्या क्रेडिट्सपैकी निदान ६७ टक्के पूर्ण केलेली हवीत. डब्ल्यू आणि एफ दोन्ही "घेतले पण पूर्ण नाही" मध्ये जातात. शिवाय डिग्रीच्या दीडपटीच्या वर क्रेडिट्स घेतली की एड बंद, १२० ची डिग्री असेल तर १८०. मुलीच्या फर्स्ट इयरला काही सोडलं होतं का?

सईची_आई

हो, स्प्रिंगला कॅल्क्युलस टू सोडला होता, ४ क्रेडिट. बाकी सगळं पास. म्हणजे ३० घेतले २६ पूर्ण.

एडऑफिसवाली_स्नेहल

मग या सेमिस्टरला १५ पैकी १२ झाले तर ४५ पैकी ३८, ८४ टक्के. लॅबही गेली तरी ४५ पैकी ३६, ८० टक्के. ६७ पासून लांब आहात, झोपा निवांत. फक्त एवढं लक्षात ठेवा की ऑर्गॅनिक परत घेतली की ती ३ क्रेडिट्स पुन्हा "घेतलेल्या"त मोजली जाणार, म्हणजे एकच विषय दोनदा. याची सवय लागली की मग घसरायला वेळ लागत नाही. ६७ च्या खाली गेलं तरी बहुतेक ठिकाणी आधी एक सेमिस्टर वॉर्निंग देतात, मग अपील असतं, एकदम दार बंद होत नाही.

परत घेताना पैसे मिळतील का असं पुढे विचाराल म्हणून आताच सांगते. डब्ल्यू किंवा एफवाला कोर्स परत घ्यायला एड मिळते. पास झालेला कोर्स नुसते मार्क वाढवायला घेतला तर फेडरल एड एकदाच. त्यामुळे ओढूनताणून डी आणून मग सुधारू असा विचार असेल तर हेही मनात असू द्या. समरला घ्यायची असेल तर पेल समरलाही मिळते, वर्षाच्या पेलच्या दीडपटीपर्यंत, पण त्या जास्तीच्या पेलसाठी समरला निदान हाफ टाइम हवं, म्हणजे ऑर्गॅनिकबरोबर अजून एखादा कोर्स.

कट्ट्यावरचा_अण्णा

मी आधी टिंगल केली, माफ करा हो ताई. हे वाचून वाटतंय एटीकेटी परवडली, निदान एकच नियम होता.

सईची_आई

अपडेट द्यायला आले. मुलीने सोमवारी लॅबवाल्या बाईंना ईमेल केलं, मी फक्त शेजारी बसले होते, एक शब्द नाही बोलले (बोलले, दोन शब्द). त्याच दिवशी उत्तर आलं की लॅब चालू ठेवू शकतेस, डिपार्टमेंट कुलूप काढेल. बुधवारी दुपारी रजिस्ट्रारचं आलं. मग एड ऑफिसला मुलीने ईमेलवर विचारलं, उत्तर आलं की पेल तीच, लोन तेच, १२ पूर्ण केले तर स्कॉलरशिप तीच. मग गुरुवारी रात्री आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसून ते बटण दाबलं, दाबल्यावर पहिलं काम काय केलं तर लॅबची ओळ जागेवर आहे का ते बघितलं. आहे.

फी परत शून्य. फ्लॅट रेटच निघाला, कोकणी बाबांनी सांगितलं तसं. ह्यांनी तरी विचारलंच, तीन क्रेडिटचे काहीच देत नाहीत का म्हणून.

आता फक्त उरलेली १२ च्या १२ पूर्ण व्हायला पाहिजेत, एकही इकडे तिकडे चालणार नाही, ते तिलाही कळलंय. समरचं तिने स्वतःच काढलंय, ऑर्गॅनिक आणि कॅल्क्युलस टू एकदम. मी म्हटलं दोन्ही एकदम कशाला, तर म्हणाली आई, हाफ टाइम लागतं ना.

निनाद_७८

छान झालं. समरच्या रिफंडची तारीख आत्ताच लिहून ठेवायला सांगा तिला, समरला आठवडे नसतात, दिवस असतात.